आमचं काळं-पांढरं जंगल हिरवं कधी झालं?

चवथीच्या दुपारची जेवणं आटोपली होती. पानावरच्या खतखत्यातली तेफळं बाजूला सारून झाली, नेवऱ्यांचा डबा एक फेरी मारून रिकामा परतला आणि गणपतीच्या वर फळाफुलांनी बांधलेल्या माटोळीसमोर चटया टाकून घरातली निम्मी माणसं आडवी झाली. फोंडा तालुक्यातलं आमचं जुनं घर वर्षातून दोनच दिवस असं भरतं. कुणीतरी मोबाईल टीव्हीला जोडला आणि मोगलीच्या मालिकेचं शीर्षकगीत लागलं, ते चड्डी घालून उमललेल्या फुलाचं. त्यासरशी चाळिशीतली पाच माणसं ताडकन उठून बसली आणि सुरात नाही तरी जोरात गायला लागली.

भाचा माझा नऊ वर्षांचा. त्याने पाचेक मिनिटं सोसलं, मग म्हणाला, "मामा, हे इतकं हळू का चालतं?"

मी त्याला समजावायला घेतलं. हळू नाही रे बाबू, हे असं निवांतच बघायचं असतं. ते जंगल बघ कसं हिरवंगार आहे, आम्ही तुझ्याएवढे होतो तेव्हा दर रविवारी सकाळी हेच हिरवंगार जंगल…

"कसलं हिरवंगार?" ताई पडल्या पडल्याच म्हणाली. "आपल्याकडे तेव्हा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता."

मी पैजेवर आलो. मला लख्ख आठवतं. लाकडी शटरचा टीव्ही, शेजारी भिंतीला टेकवलेली सायकल, मी दाराच्या उंबऱ्यावर बसलेलो, कारण आत जागा नसायची. आणि पडद्यावर हिरवं जंगल, त्यात पिवळाजर्द शेरखान. वाद वाढला तशी आई उठली, आत गेली आणि ट्रंकेतून एक पिवळा पडलेला कागद घेऊन आली. आई बिलं टाकत नाही. रंगीत टीव्ही, ऑगस्ट 1997. आणि मोगली दूरदर्शनवर आला 1993 साली. आमचा रंगीत टीव्ही आला त्याच्या पुढच्याच महिन्यात शक्तिमान सुरू झालं, हे तर मलाही मान्य होतं.

म्हणजे चार वर्षांचा फरक. सायकल खरी, उंबरा खरा, हिरवा रंग मात्र खोटा. मग तो आला कुठून?

मी पैज हरलो, पण हा प्रश्न काही डोक्यातून जाईना. लहानपणच्या कार्टूनांची आणि अद्भुत गोष्टींची आठवण निघाली की आपण हळवे होतो, तेव्हा डोक्यात नेमकं काय चाललेलं असतं, ते त्यानिमित्ताने समजून घेतलं. तेच इथे सांगतो.

आधी शब्दाबद्दल. नॉस्टॅल्जियाला मराठीत गतकातरता म्हणतात आणि स्मरणरंजनही म्हणतात. पहिला शब्द जरा रडवा आहे. दुसरा मात्र फार बेरकी. रंजन हा शब्द संस्कृतातल्या ज्या धातूवरून आला, त्याचा मूळ अर्थ रंग चढणे, रंगणे. कापड रंगतं, तसं गाण्यात मन रंगतं, म्हणून मनोरंजन. त्या हिशेबाने स्मरणरंजन म्हणजे सरळसरळ आठवणीला रंग देणं. ज्याने कुणी हा शब्द घडवला, त्याने माझ्या हिरव्या जंगलाचा उलगडा आधीच करून ठेवला होता म्हणायचा.

युरोपातला शब्द याच्या अगदी उलट वाटेने आला. 1688 साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेलमध्ये योहानेस होफर नावाच्या एका वैद्यकीच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधासाठी तो बनवला. ग्रीक भाषेतले दोन शब्द जोडले, एकाचा अर्थ घरी परतणं आणि दुसऱ्याचा वेदना. त्याच्या लेखी हा चक्क आजार होता. घरापासून दूर गेलेली माणसं खंगतात, जेवत नाहीत, त्यांना ताप येतो, आणि घरी धाडलं की सुधारतात, असं त्याने नोंदवलं. परक्या राजांच्या फौजांत चाकरीला गेलेल्या स्विस सैनिकांना हा आजार फार होतो, असा पुढे बोलबाला झाला. शॉइखत्सर नावाच्या एका स्विस पंडिताने तर त्याला हवेचा दाब जबाबदार धरला. उंच डोंगरातल्या विरळ हवेची सवय असलेला माणूस खाली सपाटीवर आला की जड हवा त्याचं रक्त दाबते, असं त्याचं म्हणणं. पुढे हा शब्द वैद्यकातून हळूहळू बाहेर पडला, जागेऐवजी काळाशी जोडला गेला, आणि आजार होता तो आता छंद झाला. आपल्याकडे पोर्तुगीजांनी मागे ठेवलेला 'सौदाद' हा शब्दही त्याच घरातला, पण त्याला कुणी कधी आजार म्हटलं नाही. गोव्यात तर मांडवीच्या काठावर बसून हे दुखणं हौसेने ओढवून घेणारे पुष्कळ आहेत.

आता मेंदूत शिरू. बहुतेकांच्या मनात अशी समजूत असते की आठवण म्हणजे फळीवर ठेवलेली कॅसेट. हवी तेव्हा काढायची, लावायची, पुन्हा जागेवर ठेवायची. फार तर धूळ बसेल, पण आतलं तेच राहील. ही समजूत चुकीची आहे.

आठवण कशासारखी, तर माटोळीसारखी. माटोळीची लाकडी चौकट तीच असते, आजोबांच्या वेळची. पण तिच्यावर बांधायच्या वस्तू दर चवथीला नव्याने गोळा कराव्या लागतात. कांगलां रानातून, आंबाडे शेजाऱ्याच्या परसातून, तोरिंग आणि चिबूड बाजारातून, सुपारीचा घोस आपल्या बागेतला. एखाद्या वर्षी कांगलां मिळाली नाहीत तर दुसरं काहीतरी बांधतो. सगळं बांधून झाल्यावर खालून बघणारा म्हणतो, आमची माटोळी अशीच असते. मेंदूही असंच करतो. प्रसंग एका जागी साठवलेला नसतो. चित्र एकीकडे, आवाज दुसरीकडे, वास तिसरीकडे, त्या वेळी वाटलेली भीती किंवा मजा आणखी कुठेतरी. हिप्पोकॅम्पस नावाचा एक भाग असतो, समुद्रघोड्याच्या आकारावरून त्याला हे नाव पडलं. या विखुरलेल्या तुकड्यांचा मेळ घालण्याचं काम त्याच्याकडे. आठवायला बसलो की दर वेळी माटोळी नव्याने बांधली जाते, आणि जो तुकडा सापडत नाही त्याच्या जागी मेंदू हाताला लागेल ते बांधून मोकळा होतो.

हे पहिल्यांदा नीट दाखवलं केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट या मानसशास्त्रज्ञाने, 1932 साली. त्याने अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक भुतांची लोककथा इंग्रज माणसांना वाचायला दिली आणि काही काळाने, पुन्हा काही काळाने, आठवेल तशी सांगायला लावली. गोष्ट हळूहळू इंग्रज होत गेली. लाकूड कोरून केलेल्या डोंगीची साधी बोट झाली, सीलच्या शिकारीला निघालेले तरुण मासेमारीला जाऊ लागले, आणि जे भुताटकीचे तपशील कळले नव्हते ते गळून पडले. कुणी मुद्दाम खोटं बोललं नव्हतं. जो तो आपापल्या बाजारात मिळतं ते बांधत होता.

माझा हिरवा रंग असाच मागाहून आलेला माल आहे. मोगलीची मालिका पुढे कधीतरी रंगीत टीव्हीवर पुन्हा दिसली असणार, यूट्यूबवर तर मी ती पाहिलीच आहे. मेंदूला 'काय पाहिलं' हे चांगलं लक्षात राहतं, 'कुठे आणि कधी पाहिलं' हे मात्र तो सहज विसरतो. मग 2015 सालचा रंग 1993 सालच्या पडद्यावर जाऊन बसतो. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक मजेशीर प्रयोग केला होता. लहानपणी डिस्नेलँडला जाऊन आलेल्या काही मोठ्या माणसांना त्यांनी एक बनावट जाहिरात दाखवली. जाहिरातीत डिस्नेलँडमध्ये बग्स बनी हा ससा मुलांशी हात मिळवतो आहे. नंतर विचारलं तर त्यांतल्या काही जणांना लहानपणी तिथे बग्स बनी भेटल्याचं आठवू लागलं. आता बग्स बनी हा वॉर्नर ब्रदर्सचा ससा. डिस्नेच्या आवारात तो भेटणं म्हणजे मंगेशीच्या जत्रेत पणजीचा कार्निव्हलचा राजा मोमो भेटण्यासारखं.

भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर अजून द्यायचं राहिलंय. हे इतकं हळू का चालतं? प्रश्न उर्मट वाटला तरी अगदी बरोबर होता.

सिनेमाच्या पडद्यावर एका सेकंदाला 24 चौकटी सरकतात. त्यातली प्रत्येक चौकट, निदान एकाआड एक तरी, हाताने काढायची म्हटलं तर सात-आठ मिनिटांच्या कार्टूनला हजारो चित्रं लागतात. 1940 साली सुरू झालेलं टॉम अँड जेरी असं, चित्रपटगृहासाठी, पैसा ओतून काढलेलं होतं. त्याला सात ऑस्कर मिळाली ती उगाच नव्हे. आजच्या पोरांनाही ते हळू वाटत नाही, हवं तर घरी लावून बघा. पण 1957 साली ते काढणाऱ्या एमजीएम या सिनेमा कंपनीने आपला कार्टूनचा विभाग बंद केला आणि टॉम अँड जेरीचे कर्ते हॅना आणि बार्बेरा टीव्हीकडे वळले. टीव्हीला आठवड्याला आठवडा माल हवा, आणि पैसे तुटपुंजे. मग त्यांनी चित्रांची काटकसर सुरू केली. अंग स्थिर ठेवायचं आणि तोंडच हलवायचं. पळणाऱ्या माणसामागे तीच खिडकी आणि तीच कुंडी पुन्हा पुन्हा सरकवायची. त्यांच्या योगी अस्वलाच्या गळ्यात कॉलर का असते ठाऊक आहे? डोकं आणि धड वेगळं करता यावं म्हणून. कॉलरच्या रेषेखालचं चित्र तेच ठेवायचं, वरचं डोकं तेवढं नवं काढायचं. मी हे वाचलं आणि लहानपणापासूनचा एक मित्र उघडा पडल्यासारखं वाटलं.

जपान्यांनी 1963 साली अ‍ॅस्ट्रो बॉयपासून हीच काटकसर अंगीकारली आणि तिची कला केली. चेहरा स्थिर, डोळ्यांत पाणी, मागे वारा. आपला मोगली त्यांच्याच कारखान्यातला, निप्पॉन अ‍ॅनिमेशनने 1989 साली काढलेला, 52 भागांचा. एकूण हे प्रकरणच गमतीचं. जंगल मध्य प्रदेशातल्या सिवनीचं, गोष्ट लिहिली मुंबईत जन्मलेल्या एका इंग्रजाने अमेरिकेतल्या व्हर्माँटच्या थंडीत बसून, चित्रं जपानची, गाणं गुलजारांचं, चाल विशाल भारद्वाजांची, शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा. आणि बघायला आम्ही, जिथे सत्तरी तालुक्याच्या रानात खरा वाघ आहे आणि गावोगावी वाघ्रो म्हणून त्याची पूजा होते. माझी आजी त्याच तालुक्यातली. टीव्हीवर शेरखान आला की ती त्याचं नाव घेत नसे. 'तो आला' एवढंच म्हणायची. नाना पाटेकरांना एवढा मान दुसऱ्या कुणी क्वचितच दिला असेल.

तर सांगायचं असं की ती कार्टूनं खरोखरच हळू होती. पण तेव्हा ती तशी वाटली नाहीत, कारण मधल्या न काढलेल्या चित्रांची भरती आम्ही करत होतो. पडद्यावर आठवड्याची उपाशी हालचाल, तिचं पोट भरायचं काम आमच्या डोक्याचं. त्यात पावसाळ्यात पडद्यावर मुंग्या यायच्या. पोफळीच्या दांड्याला बांधलेला अँटेना वाऱ्याने फिरायचा, दादा कौलांवर चढायचा, खालून आम्ही "आलं, आलं… गेलं" असं ओरडायचो. तेवढ्यात मोगली दरीत पडलेला असायचा आणि तो कसा पडला हे ज्याचं त्याने ठरवायचं. तेव्हा बघताना भर घालणारा मेंदू आणि आता आठवताना रंग भरणारा मेंदू, दोन्ही एकच. म्हणून मूळ मालिका आज पुन्हा लावली की ती किंचित मळकी, बारकी, थांबत थांबत चालणारी वाटते. आपण तिची तुलना करतो ती तिच्या मूळ रूपाशी नव्हे, आपणच तीस वर्षं शिवलेल्या झग्याशी.

चित्र जितकं कमी, तितकी भर जास्त, याचा कळस म्हणजे चांदोबा. तेलुगू आणि तमिळमध्ये 'चंदामामा' 1947 साली निघालं आणि 1952 पासून ते मराठीत 'चांदोबा' म्हणून येऊ लागलं. त्यातलं विक्रम-वेताळाचं चित्र ठाऊक नाही असं चाळिशीपुढचं मराठी माणूस विरळा. हातात तलवार, खांद्यावर प्रेत, पायाशी कवट्या. ते काढणारे 'शंकर', म्हणजे के. सी. शिवशंकरन. दर महिन्याला चित्र तेच, फक्त गोष्ट नवी. आणि ते चित्र आम्हाला हलताना दिसायचं. 1985 साली दूरदर्शनवर विक्रम-वेताळाची मालिका आली तेव्हा गावातल्या मोठ्या मुलांनी नापसंती दाखवली होती म्हणे, कारण टीव्हीवरचा राजा चांदोबातल्याइतका भरभर चालत नव्हता.

ही वेताळाची गोष्ट टिकली का? सोमदेवाने काश्मिरात 'कथासरित्सागर' रचला तो अकराव्या शतकात, आणि त्याच्याही आधीपासून ती चालत आलेली. फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ पास्कल बॉयर यांचा यावर एक विचार आहे, तो मला पटतो. जी कल्पना नेहमीचे नियम थोडेच मोडते, एखाददुसराच, ती डोक्यात घट्ट बसते. सगळंच साधं असेल तर विसरतो, सगळंच अचाट असेल तर गोंधळतो. वेताळ बघा. प्रेत बोलतं, एवढा एक नियम मोडला. बाकी सगळं ओळखीचं. झाड चिंचेचं किंवा शिसवाचं, रात्र अमावस्येची, बोलणारा कंटाळा घालवायला गोष्ट सांगतो आणि उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील असा दम देतो. हे तर आमच्या गणिताच्या मास्तरांचंही वर्णन झालं.

गोव्यातल्या मुलाला यात आणखी एक पेच असायचा. गोष्टीत वेताळ म्हणजे भूत. आमच्याकडे तो देव आहे. आमोण्याला त्याचं देऊळ, लोलयेला त्याची थोरली पाषाणमूर्ती, आणि सासष्टीतल्या बेताळभाटी गावाच्या नावात तर तो आजही राहतो. रात्री तो गावाची सीमा फिरून राखण करतो, चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भक्त त्याला नव्या चामडी वहाणा वाहतात. मामाच्या गावी मे महिन्यात गेलो असताना देवळात त्या वहाणा पाहिल्या, भल्यामोठ्या. आणि मला प्रश्न पडला होता, दर रात्री फिरणारा देव विक्रमाच्या खांद्यावर का बसतो? याला तर चालता येतं! मामाला विचारलं. तो म्हणाला, "राजाला चालायला लावायला." तेव्हा ते उडवाउडवीचं उत्तर वाटलं होतं.

आठवणींच्या शास्त्रातला अलीकडचा सगळ्यात मोठा शोध समजावून सांगायला मला हाच वेताळ बरा वाटतो. 2000 साली मेंदूशास्त्रज्ञ करीम नादेर यांनी जोसेफ लडू यांच्या प्रयोगशाळेत उंदरांवर एक प्रयोग केला. विशिष्ट सूर वाजला की शॉक बसतो, हे उंदरांना शिकवलं. ही भीतीची आठवण पक्की झाली, साठली, विषय संपला, असंच तोवर सगळे धरून चालत. नादेर यांनी दुसऱ्या दिवशी तो सूर पुन्हा वाजवला, म्हणजे आठवण जागी केली, आणि लगेच मेंदूतल्या अमिग्डला या भीतीशी संबंधित भागात प्रथिनं बनू न देणारं औषध सोडलं. नंतर सूर वाजवला तर त्या उंदरांची भीती पुष्कळच ओसरलेली. ज्यांना सूर न ऐकवता नुसतं औषध दिलं, त्यांची भीती मात्र जशीच्या तशी. याचा अर्थ काय? आठवण जागी झाली की ती काही काळ सैल होते, आणि तिला पुन्हा नव्याने साठवावं लागतं. त्या मधल्या वेळात तिच्यात फेरफार होऊ शकतो.

राजा झाडावरून प्रेत उतरवतो, खांद्यावर घेतो, वाटेत एक गोष्ट होते, राजा तोंड उघडतो आणि वेताळ पुन्हा झाडावर. झाड तेच, प्रेत तेच. पण दर खेपेला त्याला एक नवी गोष्ट चिकटलेली असते. आठवण आपण झाडावरून उतरवतो तेव्हा तोंड बंद ठेवणं आपल्यालाही जमत नाही. आपण ती कुणाला तरी सांगतो, सांगताना जरा खुलवतो, समोरचा हसला तर तो भाग वाढवतो. मग ती परत झाडावर जाते ती खुलवलेल्या रूपातच. म्हणजे आपली सगळ्यात लाडकी आठवण, जी आपण शंभरदा काढली, तीच सगळ्यात जास्त हाताळलेली असते. ज्या आठवणीची कधी आठवणच झाली नाही, ती बहुधा जास्त शाबूत असेल. पण तिचा उपयोग काय?

आता थोडं भराभर. हे सगळं लहानपणच्याच गोष्टींच्या बाबतीत का? साधारण तीन-साडेतीन वर्षांपर्यंतचं मोठेपणी जवळजवळ काहीच आठवत नाही. उलट आयुष्यभराच्या आठवणी मोजल्या तर 10 ते 30 या वयात त्यांचा ठळक उंचवटा दिसतो, कारण तेव्हा बहुतेक गोष्टी पहिल्यांदा घडतात आणि 'मी कोण' हे ठरत असतं. कार्टूनचं वय या उंचवट्याच्या पायथ्याशी येतं. शिवाय पुनरावृत्ती. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोंक यांनी 1968 साली दाखवून दिलं की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती आवडू लागते. दर रविवारी, त्याच वेळी, तेच गाणं, त्याच पोराच्या कोपराचा धक्का. आठवणीला याहून चांगलं खतपाणी कुठलं? 1995 साली कार्टून नेटवर्क भारतात आलं, दिवसभर कार्टूनं दिसू लागली, पण केबल आमच्या वाड्यावर पोचेपर्यंत माझा आवाज फुटला होता. त्यामुळे माझ्या भावांची गोकू आणि पिकाचूबद्दलची हळहळ मला कळते, होत नाही.

आणि जुन्या घरातच हे उमाळे का येतात, पणजीच्या फ्लॅटमध्ये का नाही? 1975 साली गॉडन आणि बॅडली यांनी स्कॉटलंडमध्ये पाणबुड्यांना काही शब्द समुद्राखाली पाठ करायला लावले, काही किनाऱ्यावर. पाण्यात पाठ केलेले पाण्यात जास्त आठवले, किनाऱ्यावरचे किनाऱ्यावर. जागा ही आठवणीची खुंटी असते. वासाचं तर विचारू नका. बाकी इंद्रियांचे निरोप मेंदूत थॅलॅमस नावाच्या चौकीवरून जातात. वासाला ती चौकी टाळून भावना आणि आठवणींच्या भागांपर्यंत जवळची वाट आहे. माझ्यासाठी तो वास तापलेल्या टीव्हीवरच्या धुळीचा, त्यात शेजारच्या खोलीतल्या सुपाऱ्यांचा. आवाजही चालतो. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भोंप्याचा आवाज आला की मला अजून रविवार वाटतो, वार कुठलाही असो.

हे नुसतं हळवेपण आहे की याचा काही उपयोग? इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टन विद्यापीठात कॉन्स्टंटाइन सेडिकिडेस आणि टिम विल्डशुट हे दोघे बरीच वर्षं यावर काम करतात. 2006 साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर मांडलं की माणूस स्मरणरंजनाकडे बहुतेकदा वळतो तो मन उदास किंवा एकटं असताना, आणि त्या आठवणींत स्वतःबरोबर जवळची माणसं असतात. त्या आठवणीनंतर आपण कुणाचे तरी आहोत ही भावना वाढते. म्हणजे होफरने ज्याला रोग म्हटलं ते बहुधा औषध होतं, चुकून बाटलीवर लेबल उलटं लागलं. माझा एक शाळूसोबती तारवटी आहे, आठ-आठ महिने बोटीवर असतो. रात्री केबिनमध्ये तो काय बघतो, तर डकटेल्स, तेही हिंदीत. "गोष्ट बघत नाही रे," तो म्हणतो, "आवाज लावून ठेवतो." 2020 च्या टाळेबंदीत दूरदर्शनने रामायण पुन्हा लावलं, तेव्हा एका रात्रीचा भाग 7.7 कोटी लोकांनी पाहिल्याचं दूरदर्शनने सांगितलं. ते सगळे काही धनुष्यांतून निघणारे बाण बघायला बसले नव्हते. भीतीच्या दिवसांत माणसांनी 1987 सालच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं होतं.

बाजारालाही हे पक्कं कळलंय. जुन्या कार्टूनाचा नवा चकचकीत अवतार काढायचा, त्याचे टी-शर्ट विकायचे. माझं त्याविषयी मत चांगलं नाही. त्या नव्या अवतारात सगळी चित्रं काढलेली असतात, भर घालायला काही उरत नाही. शिवाय 'आमच्या वेळी सगळं चांगलं होतं' हा जो सूर आहे, तो आठवणीत मावतो, हिशेबात नाही. आमच्या वेळी दर रविवारी वीज जायची, आणि गेली की मोगलीचा भाग गेला तो गेलाच.

गणपती पोचवून आम्ही घरी आलो तेव्हा भाचा अंगणात उभा राहून वर कौलांकडे बघत होता. दोन दिवस मोठ्यांच्या गप्पा त्याने ऐकल्या होत्या. मला म्हणाला, "मामा, तो अँटेना मला आठवतो. त्या तिकडे होता, पोफळीच्या दांड्यावर. त्याच्यावर कावळा बसायचा."

अँटेना 2009 च्या पावसात पडला. हा जन्मला त्यानंतर सहा-सात वर्षांनी. मी तोंड उघडणार तेवढ्यात ताई पायरीवरून म्हणाली, "कावळा खरंच बसायचा हं."

दादा म्हणाला, कावळा नव्हे, खंड्या.